मार्ग कसा होता?

सायकल स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, कपाळावर उमटलेला पट्टीचा ओला वळ मनगटानं पुसला आणि अॅप बंद करायला मोबाईल हातात घेतला, तर पडद्यावर प्रश्न आलेला. ‘मार्ग कसा होता?’ खाली दोन अंगठे, एक वर, एक खाली. वर आकडे: ७.४ किलोमीटर, ३१ मिनिटं. ऑफिसातून घरी येण्याची रोजचीच फेरी, फक्त त्या दिवशी अॅपनं सुचवलेल्या नव्या रस्त्यानं आले होते. माझं बोट त्या दोन अंगठ्यांवर घुटमळलं. कुठलाच दाबवेना. शेवटी पडदा आपोआप विझला आणि मी जिना चढून वर गेले. प्रश्न मात्र खाली राहिला नाही. भाजी चिरताना, रात्री दार लावताना, दुसऱ्या दिवशी सायकलचं कुलूप काढताना तो येतच राहिला.

कारण रस्ता खरंच छान होता. जुन्या वस्तीच्या मागच्या गल्ल्या, दोन्हीकडून वाकलेली झाडं, एका शाळेची लांबलचक भिंत आणि तिच्या सावलीत थंड पडलेला रस्ता. आपल्याच चेनची बारीक किरकिर ऐकू यावी इतकं शांत. पण या गल्ल्यांचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो त्याच्या मध्ये मोठ्या रस्त्याचे दोनशे मीटर होते. नकाशावर ती रेघ बोटाच्या पेराएवढीही नव्हती. त्या दोनशे मीटरमध्ये मागून एक ट्रक आला. आधी हॉर्न, मग इंजिनाची घरघर, मग पोटरीवर गरम हवेचा झोत, आणि तो बाजूनं जाताना हातातलं हँडल थरथरलं. कोपर जरा बाहेर असतं तर पत्र्याला घासलं असतं. तीन सेकंद, फार तर चार. ट्रक पुढं गेला, मी वळून गल्लीत शिरले, तिथं पुन्हा तीच झाडं, तीच शांतता. पण ब्रेकवरची बोटं घरी पोहोचेपर्यंत सैल झाली नाहीत.

एकतीस मिनिटांतले ते तीन सेकंद. आता अंगठा कुठला दाबायचा?

मी रोज सायकल चालवते ती व्यायामासाठी नव्हे. कामावर जायला, बँकेत जायला, दळण आणायला. कॅरिअरला पिशवी, पाठीला डबा आणि लॅपटॉप. अशा सायकलीचा प्रवास आदल्या रात्री सुरू होतो. नवीन ठिकाणी जायचं असेल तर अंथरुणावर पडल्यापडल्या नकाशा उघडायचा, सुरुवात आणि शेवट टाकायचा आणि ती निळी रेघ कुठून कुठून जाते ते बोटानं चाचपत बघायचं. इथं उड्डाणपूल आहे का? हा चौक ओलांडायचा कसा? या गल्लीला पलीकडून तोंड आहे ना? मोटारवाल्याला हे प्रश्न पडत नाहीत, चालणाऱ्यालाही फारसे पडत नाहीत. सायकलवाला दोघांच्या मधल्या जातीतला, आणि बरीच वर्षं नकाशेही त्याला या दोघांपैकी कुणाच्या तरी पदराखाली घालत आले. मोटारीच्या रस्त्यानं गेलो तर जीव मुठीत, पायवाटेनं गेलो तर शेवटी पायऱ्या. गूगल मॅप्समध्ये सायकलसाठी वेगळी दिशा दाखवायला सुरुवात झाली ती २०१० च्या मार्चमध्ये, आणि तीही आधी फक्त अमेरिकेत. त्याच्या वर्षभर आधी, २००९ मध्ये, ब्रिटनमध्ये सायकलस्ट्रीट्स हे सायकलचा मार्ग काढून देणारं संकेतस्थळ सुरू झालं. ते चालवणाऱ्यांनी केलेली एक गोष्ट मला आजही फार समंजस वाटते. त्यांनी एका प्रवासाला तीन रेघा दिल्या: जलद, शांत आणि दोन्हींच्या मधली. म्हणजे ‘रस्ता दाखव’ म्हणणाऱ्याला आधी ‘कुणासाठी?’ असं विचारलं.

मला या ‘कुणासाठी?’चा नाद लागला तो बीराउटरमुळे. हे अॅप इंटरनेट नसतानाही फोनमध्येच सायकलचा मार्ग काढतं, आणि मार्ग कसा काढायचा याचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती फाइल कुणीही उघडावी, बदलावी. प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला एक गुणक असतो. शांत गल्लीतला एक मीटर एकच मीटर धरायचा, हमरस्त्यावरचा एक मीटर दोन धरायचा की पाच, ते तुम्ही ठरवा. चढाला वेगळं मोल, खडीला वेगळं. मी एका रविवारी दुपारी हमरस्त्याचा आकडा थोडा थोडा वाढवत बसले. दीड केला, रेघ जागची हलली नाही. दोन केला, तशीच. अडीचला एकदम उसळून ती अख्खी नदीच्या बाजूला जाऊन पडली. हमरस्त्याला मी मनातल्या मनात किती घाबरते याचा आकडा मला कुणी विचारला असता तर सांगता आला नसता. इथं तो दिसला. मला थोडं हलकं वाटलं आणि थोडं विचित्रही, डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितल्यावर वाटतं तसं.

पण त्या फाइलशी खेळूनही ते दोनशे मीटर काही चुकेनात. आकडा कितीही वाढवला तरी रेघ गल्लीगल्लीतून यायची आणि तेवढ्या तुकड्यापुरती मोठ्या रस्त्यावर पाय टाकायचीच. दोनशेला पाचानं गुणलं तरी हजार होतात, आणि बाकी सगळा रस्ता इतका स्वस्त पडत होता की हजार सहज पचत होते. असं का होतं हे कळायला मला १९५६ पर्यंत मागं जावं लागलं. अॅमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण, लग्न ठरलेल्या मुलीबरोबर खरेदीला बाहेर पडलेला, दमून दोघं एका कॅफेच्या अंगणात कॉफी प्यायला बसतात, आणि तिथं वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, तो एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत मनातल्या मनात रचतो. एका नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक लोकांना समजेल अशा उदाहरणानं दाखवायचं होतं, म्हणून नेदरलँड्सच्या नकाशावरची ६४ शहरं घेतली होती. ती रीत १९५९ मध्ये छापून आली. आजही आपल्या खिशातल्या रेघेच्या मुळाशी बहुधा तीच, नाहीतर तिचीच एखादी चपळ लेक असते. तिचं सगळं सौंदर्य बेरजेत आहे. पुढच्या चौकापर्यंत किती, त्यात त्याच्या पुढचं किती, मिळवत जा, ज्याची बेरीज कमी तो रस्ता खरा. वेळेची बेरीज होते. अंतराची होते. दमण्याचीही बऱ्यापैकी होते.

भीतीची होत नाही.

ताईनं सायकल सोडली त्या दिवशी मला हे कळायला हवं होतं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कॉलेजात असताना तिच्या मागच्या कॅरिअरवर बसून मी कितीतरी फिरले आहे. तिच्या पाठीला टेकलेला गाल, तिच्या श्वासाची लय, चढावर तिनं उठून पेडल मारायला लागणं आणि मला ‘घट्ट धर गं’ म्हणणं, हे सगळं अजून अंगात आहे. चाळिशी उलटल्यावर तिनं पुन्हा सायकल घेतली, माझ्या आग्रहावरून. मीच तिला रस्ता काढून दिला होता. आठवडाभर गेली, आणि मग सायकल जिन्याखाली उभी ती उभीच. विचारलं तर म्हणाली, “बाकी रस्ता छानच होता गं. तो एक चौक सोडला तर.” मी तिला समजावत राहिले की ताई, एकच तर चौक आहे, दीड मिनिटाचा. मी बेरीज करून दाखवत होते. ती ऐकून घेत होती. सकाळी उठल्यापासून तिच्या पोटात तो चौक असायचा, आणि चौक ओलांडून झाल्यावर परतीचा चौक सुरू व्हायचा. दीड मिनिट तिच्यासाठी दिवसभर पुरत होतं.

मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तिघांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरावर एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी प्रत्येक रस्त्याला, तिथं सायकलवाल्याच्या मनावर किती ताण येतो त्यावरून, एक ते चार अशी पायरी दिली. पहिली पायरी म्हणजे बहुतेक मुलंही जाऊ शकतील असा रस्ता, दुसरी बहुतेक मोठ्या माणसांना सोसेल असा, चौथीवर फक्त निडर आणि दमदार लोक जातात. पण मी वाचता वाचता थांबले ती दुसऱ्याच एका ओळीशी. संपूर्ण मार्गाची पायरी कशी ठरवायची? सरासरी काढून नाही. त्या मार्गातला जो सर्वांत वाईट तुकडा असेल, त्याची पायरी तीच सगळ्या मार्गाची पायरी. साखळीचा जोर तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतका, तसं. त्यामुळे त्यांचा नकाशा फार करुण दिसतो. शहरात शांत गल्ल्यांची बेटंच बेटं, प्रत्येक बेट आतून सुंदर, आणि बेटांच्या मधून वाहणारे मोठे रस्ते. पूल नाही. त्यांनी वळशाचाही विचार केला होता: शांततेसाठी माणूस साधारण २५ टक्के जास्त अंतर जाईल असं धरलं होतं. म्हणजे पाच किलोमीटरच्या जागी सव्वासहा. ताई नक्की गेली असती. मी तिला तसा रस्ता शोधूनच दिला नाही.

चढाची गोष्ट त्या मानानं सोपी असेल असं मला वाटायचं. उंची म्हणजे उंची, ती मोजता येते. पण अॅप ज्या उंचीवर हिशोब करतं ती बहुतेक वेळा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं मोजलेली असते. पृथ्वीवरच्या जमिनीचा ८० टक्के भाग त्या अकरा दिवसांत मोजून झाला. केवढं मोठं काम, आणि ते जगाला वापरायला मोकळं करून दिलं. पण ते रडार आकाशातून बघत होतं. त्याला दाट झाडीखालची जमीन नीट दिसली नाही, इमारतींची छपरंही त्याच्या मापात मिसळली, आणि तीस-तीस मीटरच्या चौकोनात एकच आकडा बसला. म्हणून नदीवरचा सपाट पूल आलेखात खोल दरीसारखा दिसू शकतो, आणि भुयारी मार्गाचा तो अंगावर येणारा शेवटचा चढ दिसतच नाही. मी आता आलेखाची मोठी वळणं तेवढी मानते, बारीक दाते सोडून देते.

आणि जे पाय मोजतात त्यातलं कितीतरी आलेखात येतच नाही. थांबणं, उदाहरणार्थ. मी, सायकल, डबा, लॅपटॉप मिळून ८० किलो धरा, वेग ताशी १८ किलोमीटर. या वेगाला आलेलं वजन थांबवलं की १,००० ज्यूल ऊर्जा ब्रेकच्या रबरात जळून जाते, आणि सिग्नल सुटल्यावर तेवढीच पायांतून पुन्हा काढायची. तेवढ्या ऊर्जेत मी सव्वा मीटर वर चढले असते. माझ्या जुन्या रस्त्यावर १४ ठिकाणी थांबावं लागायचं. म्हणजे सपाट म्हणवणाऱ्या त्या रस्त्यावर मी रोज जवळजवळ अठरा मीटरची एक टेकडी चढत होते, आणि ती कुठल्याच नकाशावर नव्हती. हा हिशोब कागदावर करून झाल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मांड्या इतकी वर्षं जे सांगत होत्या ते खरं होतं.

मग नकाशात हे सगळं येतं कुठून? कुणीतरी लिहितं तेव्हा येतं. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भर घालावी असा खुला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून लोक आपापल्या गल्ल्या त्यात भरत आले आहेत, आणि सायकलचे बहुतेक स्वतंत्र अॅप त्याच्यावरच उभे आहेत. रस्ता डांबरी की फरशीचा की खडीचा, एकेरी असला तरी सायकलला उलटं जायला मोकळीक आहे का, दिवे आहेत का, या सगळ्याला तिथं जागा आहे. रस्ता किती गुळगुळीत याच्या तर आठ पायऱ्या आहेत, उत्तम ते चाकानं जाणं अशक्य. मी पहिल्यांदा स्ट्रीटकम्प्लीट हे छोटं अॅप घेऊन बाहेर पडले तो दिवस मला आठवतो. ते तुमच्या आसपासच्या नकाशातल्या रिकाम्या जागा शोधून एकेक साधा प्रश्न विचारतं. या रस्त्यावर दिवे आहेत का? याचा पृष्ठभाग कशाचा आहे? मी तिन्हीसांजेला गल्लीच्या तोंडाशी उभी राहून दिवे लागायची वाट बघत होते. चौथ्या खांबावरचा लागलाच नाही, बाकीचे आधी पिवळट लुकलुकले, मग स्थिर झाले. या गल्लीतून मी शेकडो वेळा गेले असेन. दिव्यांकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. ‘हो’ दाबलं. आता पावसाळी संध्याकाळी कुणा अनोळखी बाईच्या फोनमध्ये ही गल्ली दिव्यांची गल्ली म्हणून उजळेल, असं मनात आलं आणि घसा दाटून आला.

पण रिकामी जागा हीसुद्धा नकाशात काहीतरी बोलत असते, आणि बऱ्याचदा चुकीचं बोलते. कुणी लिहिलं नाही म्हणजे दिवे नाहीत असं नव्हे. जिथं लिहिणारी माणसं राहतात तिथला नकाशा दाट, बाकीचा विरळ, आणि मार्ग काढणारं गणित त्या विरळ जागी काहीतरी गृहीत धरून पुढं जातं. उष्मानकाशांची तीच गत. हजारो लोकांच्या फेऱ्यांच्या रेघा एकमेकींवर ठेवून केलेले ते झळाळते नकाशे मला पूर्वी फार आवडायचे. जिथं जास्त लोक जातात तो रस्ता चांगला असणार, इतकं साधं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याच्या-सायकलच्या फेऱ्या नोंदवणाऱ्या अॅपच्या अशाच नकाशात वाळवंटाच्या अंधारात लष्करी तळांच्या आकृत्या चमकताना लोकांना दिसल्या, आणि तेव्हा सगळे बोलले ते जे दिसायला नको होतं त्याबद्दल. मला तेव्हापासून आठवतं ते जे दिसतच नाही ते. पहाटे दुधाच्या बरण्या लावून जाणाऱ्याची रेघ त्यात नाही. साधा फोन वापरणाऱ्याची नाही. आणि घाबरून जिन्याखाली सायकल लावणाऱ्या ताईची तर नाहीच नाही. ती ज्या रस्त्यावरून गेली नाही तो रस्ता नकाशात काळाच राहतो, आणि काळा रस्ता बघून यंत्राला वाटतं, इथून कुणाला जायचंच नाही.

सायकल चालवताना मी फोन खिशातच ठेवते. हँडलवर पडदा असला की डोळे खड्ड्यावरून उठून रेघेवर जातात, आणि कानात सूचना चालू असल्या की मागच्या गाडीचा अंदाज जातो. म्हणून रात्री रेघ बघायची आणि सकाळी ती चार-पाच खुणांत मोडून पाठ करायची: भिंत, मग वड, मग लाल फाटक, मग उतार. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९५ मध्ये एका खाण-अभियंत्यानं सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक देऊन टाकले. माणसानं चार-पाच आकडे चिठ्ठीवर लिहून निघावं, फाट्यावरची पाटी बघावी, पुढच्या आकड्याकडे वळावं. खाणीतल्या बोगद्यांच्या जाळ्यात वाट सापडण्याची जी रीत, ती त्यानं उजेडात आणली. आज त्या क्रमांकांची आखणी करायला अॅप आहेत, पण सायकलवर बसल्यावर लागते ती चिठ्ठीच. मला हे नातं फार बरोबर वाटतं. यंत्रानं घरी बसून विचार करावा, रस्त्यावर आपले डोळे मोकळे सोडावेत.

त्या दोनशे मीटरचं उत्तर मला कुठल्याच पडद्यावर सापडलं नाही. ते एका मुलीनं दाखवलं. शाळेच्या त्या लांब भिंतीपाशी मी एकदा पाणी प्यायला थांबले होते. दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी सायकल हातात धरून माझ्या समोरून भिंतीच्या टोकाशी गेली आणि नाहीशी झाली. जाऊन पाहिलं तर भिंत आणि शेजारचं कुंपण यांच्यामध्ये हँडल तिरकं केलं तर जेमतेम निघेल एवढी फट. पलीकडे पायांनी मळलेली वाट, दोन्ही बाजूंना गवत, चाकाखाली ओल्या मातीचा मऊ आवाज. वाट थेट दुसऱ्या बाजूच्या गल्लीत निघत होती. आत शिरताना उतरावं लागतं, वीसेक पावलं चालावं लागतं. सगळा मिळून सहाशे मीटरचा वळसा. मोठा रस्ता लागतच नाही. ही वाट सगळ्यांची आहे, कुणाच्या खासगी जागेतून जात नाही, एवढी खात्री मी आसपास विचारून करून घेतली आणि त्या रात्री नकाशात ती वीस पावलं काढली. एवढीशी रेघ, दोन टिंबं जोडायची. तरी हात जरा कापत होता. आठ-दहा दिवसांनी बीराउटर उघडून तोच जुना प्रवास मागितला, तर निळी रेघ भिंतीच्या टोकापर्यंत आली आणि न अडखळता आत शिरली.

गेल्या रविवारी ताईला घेऊन गेले. जिन्याखालची सायकल काढून, टायरांत हवा भरून, चेनला तेल घालून. ती पुढं, मी मागं. आता तिच्या पाठीचा आकार बदललाय, पण चढ आला की उठून पेडल मारायची सवय तीच. भिंतीपाशी मी “उतर” म्हणायच्या आधीच ती उतरली, हँडल तिरकं केलं, एक पेडल कुंपणाला खरचटलं. पलीकडच्या गल्लीत पुन्हा बसताना तिनं मागं वळून विचारलं, “तो मोठा रस्ता कधी यायचाय?” “नाही येत,” म्हटलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं घंटी वाजवली. समोर कुणीच नव्हतं.

पोहोचल्यावर माझ्या फोनवर पुन्हा तो प्रश्न आणि ते दोन अंगठे. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून नीट वाचला.

“हे राहू दे,” ती म्हणाली. “भिंतीपाशी उतरावं लागतं आणि पेडल घासतं, हे कुठं लिहायचं ते दाखव.”